रोजचा अनोळखी

बस सुटली तेव्हा तिच्या तोंडात गरम सुपाचा घोट होता, त्यामुळे तिला ओरडताही आलं नाही.

चूक सर्वस्वी तिचीच. कंडक्टरने उतरताना बजावलं होतं, पटकन आटपा, गाडी थांबणार नाही. बाकीच्यांनी चार घास पोटात ढकलले आणि मुकाट्याने आपापल्या जागा गाठल्या. ही मात्र थांब्यासमोरच्या खानावळीत खिडकीशी बसून, चमचा नाकापाशी नेत, डोळे मिटून, टोमॅटोच्या सुपात आणखी काय पडलंय याचा तपास करत राहिली. ती कादंबऱ्या लिहायची, आणि ही तिची जुनी खोड. तिच्या पुस्तकांत माणसं भांडतात कमी आणि जेवतात जास्त, असं तिच्या संपादकबाई नेहमी म्हणत.

"बस!" घोट कसाबसा गिळून ती किंचाळली. "अहो, माझी बॅग गेली!"

काउंटरमागचा माणूस फडक्याला हात पुसत बाहेर आला. उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्या वाडग्याकडे.

"सूप संपवा," तो म्हणाला.

"अहो पण बॅग—"

"तो ड्रायव्हर परतताना इथेच जेवतो. फोन करतो त्याला. बॅग येईल संध्याकाळी." मग जरा थांबून, "तुम्हाला जायचं कुठे होतं?"

खरं सांगताना ती थोडी ओशाळली. "तसं... कुठेच नाही. जिथे उतरावंसं वाटेल तिथे."

"मग उतरलात की," तो म्हणाला आणि हसला. ते हसू आधी एका गालावर आलं, दुसऱ्या गालावर जरा उशिराने. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता, आणि त्या उशिरा आलेल्या अर्ध्या हसण्याची वाट बघताना तिचं सूप निवलं.

संध्याकाळी बॅग आली. जुनी, तपकिरी, दहा ठिकाणी खरचटलेली, पण शिवण न उसवलेली. तोवर हिने खानावळीच्या वरची रिकामी खोली बघून ठेवली होती. खिडकीशी टेबल होतं, खालून भाजलेल्या बटाट्यांचा वास येत होता. तिने बॅग तिथेच टेकवली.

सगळे त्याला मालक म्हणत. खरी मालकीण होती त्याची आत्या. आखूड बांध्याची, मोठ्या आवाजाची आत्या दिवसभर चुलीपाशी उभी असे आणि तिथूनच सगळ्या जगाला फैलावर घेई. "मालक म्हणे! बटाट्यांचं पोतं फाटलंय ते दिसत नाही मालकाला. सगळे बटाटे पायात येतात माझ्या!" असं ती रोज एकदा तरी म्हणायची आणि तो रोज "आणतो गं, आणतो" म्हणून सटकायचा.

सुरुवातीच्याच एका दुपारी, खानावळ रिकामी असताना, त्याने टेबल पुसता पुसता विचारलं, "इतकी गावं फिरता, कंटाळा नाही येत?"

"कंटाळा यायच्या आत निघते ना मी."

"आणि निघायची वेळ झाली हे कळतं कसं?"

"एक खूण आहे माझी." ती टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकली. "एक दिवस खानावळवाला मला काही न विचारता बशी आणून ठेवतो आणि म्हणतो, नेहमीचंच ना? झालं! त्याच दिवशी मी बॅग भरते."

"आँ? बिचाऱ्याने काय घोडं मारलं तुमचं?"

"ओळख दाखवली." तिने खांदे उडवले. "अनोळखी बाईकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तिला सगळ्यांकडे बघता येतं. माझं लिखाण त्याच्यावरच चालतं. एकदा ओळख झाली की लोक माझ्याकडे बघायला लागतात... आणि लिखाण आटतं."

"असं किती ठिकाणी झालं?"

"सगळ्याच."

त्याचं फडकं एकाच जागी फिरत राहिलं. मग तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या टेबलाशी आला तो अगदी कोऱ्या चेहऱ्याने. कानावरची पेन्सिल काढली, कागद पुढे धरला. "काय घेणार?"

"टोमॅटोचं सूप, साय न घालता. पावाचा कडेचा तुकडा. कडा कुरकुरीत केलेलं अंडं. आणि चहा."

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "काय घेणार?" चौथ्या दिवशीही. तिचं खाणं तसूभर बदललं नाही आणि त्याचा प्रश्नही. पंधरवडा झाला, महिना उलटला, तरी हा बाबा रोज पेन्सिल सरसावून उभा, जणू बाई आत्ताच बसमधून उतरल्या आहेत. तिला आधी गंमत वाटली, मग कीव आली.

"मालक, तुम्हाला काही लक्षात राहत नाही का हो?"

"राहत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "लहानपणापासूनचंच आहे."

तिने बाजारातून बदाम आणून त्याच्यापुढे ठेवले. "रोज खात जा. भिजवून."

"किती?"

"मूठभर. हेही विसराल म्हणून आत्यांनाही सांगून ठेवते."

तो रोज तिच्यादेखत इमानेइतबारे बदाम खाई. आणि मग तोंडातला बदाम चावत विचारी, "हं, काय घेणार?"

कादंबरीकाराला याहून सोयीचा माणूस मिळणार कुठे? विसरभोळा, हसरा आणि हाताला चव असलेला! लिखाण नुसतं धावत होतं. निरीक्षणावर पोट भरणाऱ्या या बाईच्या एवढं मात्र लक्षात आलं नाही, की तो इतर कुणालाच काही विचारत नसे. ड्रायव्हर आत पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याचा भात टेबलावर येई.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती त्याला ठिकठिकाणच्या खाण्याच्या गोष्टी सांगायची. बोटीवर खाल्लेली मिरपूड लावलेली मासळी... डोंगरातल्या एका म्हातारीने राखेत भाजून दिलेलं कणीस... आणि एका आडस्टेशनावर खाल्लेली करपवलेल्या साखरेची खीर.

"करपवलेली? मुद्दाम?"

"मुद्दाम. कडू लागायच्या एक क्षण आधी उतरवायची."

तो लगेच उठला. तिने शेजारी उभं राहून सांगायचं आणि त्याने करायचं असं ठरलं. "आता?" "अजून नाही." "आता?" "थांबा हो..." त्या थांबण्यात दोघांचे दंड एकमेकांना लागले, कुणीच बाजूला झालं नाही, आणि साखर चांगलीच करपली. खीर कसली, डिंकच झाला होता. दोघांनी एकाच पातेल्यातून चमच्याने ओढून ओढून खाल्ला, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी वर जाऊन तिने जे प्रकरण लिहिलं, ते वाचून संपादकबाईंचा फोन आला.

"अगं, काय लिहिलंयस! कुठे आहेस तू? आणि ऐक, या खेपेला तरी नायिकेला शेवटी गाडीत बसवू नकोस. तुझ्या नायिकांना कुठे बूड टेकवायची बंदी आहे का?"

"बघू," ती म्हणाली. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. खाली तो कुठलंसं गाणं बेसूर गुणगुणत भांडी लावत होता. ती हातात पेन धरून ते ऐकत बसली आणि एक ओळही झाली नाही.

मग एका सकाळी ती खाली आली, तर मालक नव्हता.

"पावाच्या भट्टीचा सुटा भाग आणायला शहरात गेलाय," आत्या म्हणाली. "रात्रीपर्यंत येईल. बस."

ती बसली. कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने आत्याने सगळं आणून पुढ्यात ठेवलं. साय न घातलेलं सूप. पावाचा कडेचा तुकडा. कुरकुरीत कडांचं अंडं. वर जाडसर मिरपूड. आणि चहाच्या बशीत, कपाबाहेर, साखरेचा एक खडा.

तिचा हात जागच्या जागी थांबला. चहा ती बिनसाखरेचाच प्यायची, आणि संपल्यावर तेवढा एक खडा जिभेवर ठेवून चघळायची. हे तिने आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. टेबलावरच्या भांड्यातून हळूच उचलायची.

"आत्या... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? जाताना दहादा बजावून गेलाय. आत्या, खडा बशीत ठेव, कपात टाकू नकोस. आत्या, मिरपूड बारीक करू नकोस. डोकं उठवलं माझं!"

"पण त्यांच्या तर काही लक्षात राहत नाही."

"त्याच्या?" आत्याने कमरेवर हात ठेवले. "दहा वर्षांपूर्वी कोण ड्रायव्हर भाताचे पैसे बुडवून गेला तेही सांगेल तो! पहिल्या आठवड्यातच पाठ झालं होतं त्याला तुझं सगळं. मी म्हटलं, मग रोज कसली सोंगं करतोस मेल्या? तर म्हणाला, ओळख दाखवली की ती उठून जाते गं. म्हणून..." इथे आत्याच्या लक्षात आलं की आपण नको ते बोलून बसलो. तिने जीभ चावली. "सूप घे. निवतंय."

ती सूप न घेताच वर गेली.

नियम म्हणजे नियम. तिने बॅग पलंगावर ठेवली आणि भराभर कपडे त्यात कोंबायला सुरुवात केली. मग टेबलावरचा हस्तलिखिताचा गठ्ठा उचलला आणि तो हातात जड लागला. इतकं भराभर, इतकं मनासारखं तिने आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. आणि हे सगळं त्या घरात, जिथे पहिल्या आठवड्यापासून तिला कुणीतरी पुरतं ओळखून होतं! लिखाण कुठे आटलं होतं?

ती मटकन खाली बसली. लिखाण हे नुसतं निमित्त होतं, हे आता स्वतःपासून लपवता येईना. तिला भीती वाटायची. आपला चहा ज्याला माहीत असतो, त्याला आपण एखाद्या दिवशी आलो नाही हेही कळतं. तो दाराकडे बघतो, वाट बघतो. अशी वाट बघणारं माणूस नकोच, म्हणून ती गावामागून गाव पालथं घालत राहिली. आणि इथे एक माणूस रोज सकाळी तिच्यापुढे अनोळखी होऊन उभा राहत होता, ती अजून एक दिवस राहावी एवढ्यासाठी. तिला रडू आलं, आणि ते रडू दुःखाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली ती हातात बॅग घेऊनच.

काउंटरमागे तो उभा होता. आत्याने रात्रीच सगळं कबूल केलेलं असणार, कारण त्याचा चेहरा ओढलेला होता. त्याची नजर तिच्यावरून बॅगेवर गेली आणि तिथेच राहिली. बाहेर सकाळची बस येऊन थांबली होती. काचेवरून पावसाचे ओघळ उतरत होते.

ती खिडकीशी बसली. बॅग पायाशी. तो आला, कानावरची पेन्सिल काढली. चेहरा त्याने हट्टाने कोरा ठेवला.

"काय घेणार?"

तिने त्याच्याकडे वर पाहिलं. "नेहमीचं."

त्याच्या हातून पेन्सिल निसटून टेबलाखाली गेली. "नेहमीचं म्हणजे...?"

"ठाऊक असेल तर आणा. नसेल तर समोर बस उभी आहे."

"साय नको," तो पुटपुटला. मग आवाज मोकळा झाला. "पावाची कड. मिरपूड जाडसर. खडा बशीत. आणि सूप निवेपर्यंत बसायचं, कारण तुम्ही आधी वास घेता... आणि वास घेताना तुमची डावी भुवई वर जाते."

"बदामांचा गुण आला म्हणायचा," ती म्हणाली.

"रोज अनोळखी व्हायला फार कष्ट पडतात हो," तो म्हणाला. "मला तुम्ही आवडता. पहिल्या सुपापासून. हे न बोलता रोज ऑर्डर घ्यायची म्हणजे... आता बोललोच आहे. जायचं असेल तर अडवणार नाही." त्याने वाकून बॅगेच्या मुठीला हात घातला. "बसपर्यंत सोडतो."

बॅग उचलली मात्र, आणि तोच जवळजवळ मागे पडला. बॅगेला वजनच नव्हतं.

"ही रिकामी आहे!"

"मग? आत्यांना बटाटे ठेवायला काहीतरी हवंय ना. तुम्ही तर आणत नाही."

तो बॅग हातात धरून बघतच राहिला. हसू आधी एका गालावर आलं. दुसऱ्या गालाची तिने या वेळी वाट बघितली नाही. हात धरून त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"आणखी एक. इतके दिवस इथे जेवते, पण तुम्ही काय खाता ते मला माहीत नाही. लेखिका म्हणवते स्वतःला! तुमचं नेहमीचं काय?"

"मी? उभ्या उभ्या काय मिळेल ते. कुणी विचारलं नाही कधी."

तिने टेबलाखाली वाकून पेन्सिल उचलली आणि कागद पुढे ओढला. बाहेर ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला, वाट बघितली आणि गाडी हलवली. दोघांपैकी कुणाचीच मान तिकडे वळली नाही.

"हं," ती म्हणाली. "काय घेणार?"