वैरांक नव्वद

महापालिकेच्या अग्निशमन केंद्रात डॉ. मृदुला कानिटकर पडद्यावरचा आलेख दाखवत होत्या. मुख्य अधिकारी घोलप चहात बिस्किट बुडवून ऐकत होते.

"आत जोडीदार पडला की दुसरा त्याला ओढायला थांबतो. सरासरी चार मिनिटं. तेवढ्या वेळात दोन नागरिक बाहेर काढता येतात."

"मग थांबू नये म्हणून हुकूम काढू?"

"हुकूम आगीत जळतो, साहेब. द्वेष टिकतो. मनगटावर नाडीपट्टी बांधायची, जोडीदाराचा आवाज ऐकवायचा आणि नाडी किती उसळते ते मोजायचं. तो वैरांक. नव्वदच्या वर असेल तरच जोडी."

महिन्याभरात केंद्रातल्या जवळजवळ सगळ्या जुन्या जोड्या मोडल्या. नागरिक जास्त वाचू लागले आणि डबा जो तो एकटा खाऊ लागला.

अथर्व झांजे आणि निनाद ओव्हाळ यांची जोडी बारा वर्षांची. ती टिकवायला दोघं हजेरीच्या वेळी एकमेकांना आयमायवरून शिव्या देऊ लागले. वैरांक आला सात.

"तुझ्या शिव्यांत दम नाय निन्या," अथर्व हसला.

चाचणीची शेवटची संधी होती. निनादने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "अर्‍या, तुझा बाप जळाला ना, तेव्हा मी सांगितलं तसा जिना कोसळला नव्हता. मी घाबरलो. चढलोच नाही."

वैरांक त्र्याण्णव. जोडी कायम झाली. अथर्व त्या दिवसापासून त्याच्याशी बोलला नाही.

तीन आठवड्यांनी गादी कारखाना पेटला. तुळई निनादच्या पायांवर आली. अथर्व एका बेशुद्ध कामगाराला खांद्यावर घेऊन त्याच्या शेजारून गेला. तेव्हा सगळ्या पथकांच्या कानातल्या वायरलेसवर निनादचा आवाज आला.

"अर्‍या, खोटं होतं रे ते! जोडी मोडू नये म्हणून बोललो! अर्‍या!"

अथर्व थांबला नाही. कामगार वाचला.

अथर्वचा बाप गेला तेव्हा जिना खरोखरच कोसळला होता. त्याचा फोटो पहिल्यापासून केंद्राच्या दप्तरात होता. तो काढून बघावा असं कोणालाच सुचलं नव्हतं.

निनादच्या तेराव्यानंतर अथर्वसाठी नवा जोडीदार शोधायचा होता. केंद्रातल्या एक्केचाळीस जणांना नाडीपट्ट्या बांधल्या आणि त्याचा आवाज ऐकवला. सगळे नव्वदच्या वर.

"असा माणूस आपल्याला मिळाला नव्हता!" कानिटकरांचा चेहरा उजळला. "कोणाबरोबरही चालेल."

"तिन्ही पाळ्यांना लावतो," घोलप म्हणाले. "पहिला आत हाच."

अथर्व दारात उभा होता. "मॅडम, मी आत पडलो तर?"

कानिटकर प्रामाणिक शास्त्रज्ञ होत्या. त्यांनी आकडे पुन्हा एकदा तपासून घेतले.

"शून्य मिनिटं," त्या म्हणाल्या.