पाचवी पांढरी रेघ

भंगारवाला सोमवारी येणार होता आणि आज शनिवार होता. म्हणजे हातात जेमतेम दीड दिवस! ताईने गॅरेजचं शटर वर ढकललं आणि बाकीची दोघं वाकून आत शिरली.

दोघं म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे शंकासुर म्हणत, आणि काकांबरोबर सुट्टीला आलेली त्यांची मुलगी चिमणी. नाव चिमणी असलं तरी तिच्या हाताला दोन मुलांचा जोर होता.

गाडी बाबांची. वीस वर्षं जुनी, डिझेलवर चालणारी, टर्बोवाली. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी ती कधी कुणा मेकॅनिकच्या हाती दिली नव्हती. रविवारी बाह्या सरसावून स्वतःच तिच्याखाली शिरायचे. त्यांच्यामागे ती आई चालवत होती. पण गेल्या पंधरवड्यात गाडीने मान टाकली. चढावर धापा टाकायची, काळा धूर ओकायची आणि वेग वाढवला की आतून फुस्स आवाज यायचा. काकांनी एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, टर्बो गेला, भंगारात काढा. काकांनी मान डोलावली. आई मात्र तेव्हापासून गॅरेजकडे बघायचंही टाळत होती. ताईला ते बघवत नव्हतं.

"टर्बो गेला म्हणजे गेला कुठे?" शंकासुराने विचारलंच.

ताईने समजावून सांगितलं. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. ती हवा जाड नळ्यांतून जाते. वाटेत कुठे गळती असली की डिझेल तेवढंच राहतं, हवा कमी पडते आणि धूर काळा येतो. हे तिला बाबांनीच सांगितलं होतं, कारण टॉर्च धरायचं काम तिचं असायचं.

बाबांची एक सवय होती. नळीच्या सांध्यावरचा क्लॅम्प, म्हणजे धातूची पट्टी, आवळून झाला की ते बारीक ब्रशने क्लॅम्पवरून नळीपर्यंत एक पांढरी रेघ ओढायचे. रेघ सलग असेल तर काळजी नको. तुटली तर काहीतरी हललंय. चिमणीने टॉर्च फिरवला. चार रेघा सलग होत्या. पुढच्या दिव्यामागची पाचवी मात्र तुटलेली होती. क्लॅम्पवरचा तुकडा बोटभर सरकला होता.

चिमणीचा चेहरा उतरला. "पंधरवड्यापूर्वी त्या दिव्याचा बल्ब पप्पांनी बदलला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "हात जाईना म्हणून ती नळी काढली होती. मी तिथेच उभी होते."

आधी खात्री करू, एवढंच ताई म्हणाली.

गळती शोधायला बाबांनी केलेलं बूच भिंतीवर टांगलेलं होतं. एका डब्याच्या जाड झाकणात त्यांनी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला होता. ताईने ते हवेच्या मुख्य नळीच्या तोंडावर घट्ट आवळलं, चिमणीने सायकलचा पंप मारायला घेतला आणि शंकासुराने क्लॅम्पवर साबणाचं पाणी ओतलं. बघता बघता पाचव्या क्लॅम्पखालून फेसाचे फुगे उसळले.

काकांना चिमणीनेच हाताला धरून आणलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. नळी पुरती आत गेलीच नव्हती, क्लॅम्प नुसताच काठावर अडकला होता. मागे आई येऊन उभी राहिली होती.

"वहिनी, चूक माझी आहे," काका म्हणाले. "मी घाई केली, आणि दादाची गाडी भंगारात घालायला निघालो होतो."

मग ताईने सांगायचं आणि काकांनी करायचं, असं काम झालं. नळी पुसून आतपर्यंत बसवली, क्लॅम्प आवळला. आईने गाडी काढली आणि मुलांना बसवून थेट चढावर घातली. गाडी दमदार चढली. मागे वळून बघणाऱ्या शंकासुराला धूर दिसला नाही. आईचे डोळे मात्र भरून आले होते.

गाडी परतल्यावर काकांनी भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग तिघांच्याही पाठीवर थाप मारून म्हणाले, "दादाने हे बघायला हवं होतं."

आईने खणातून बाबांचा ब्रश आणि पांढऱ्या रंगाची बाटली आणून ताईच्या हातात दिली. ताईने बाबांची तुटकी रेघ पुसली नाही. तिच्या शेजारी नवी ओढली.

"वाकडी आली," शंकासुर म्हणाला.

"तुझ्या बाबांची पहिली रेघही अशीच होती," आई म्हणाली आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिने ते बॉनेट स्वतःच्या हाताने बंद केलं.