तीन किलोमीटर जास्त

लाँड्रीच्या आवारात पाऊल टाकलं तेव्हा तिचा पारा चढलेलाच होता. शहरातल्या पाच इस्पितळांच्या चादरी धुऊन पोचवणाऱ्या या कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या आखायचं काम तिचं. डिझेल वाचावं म्हणून तिनं महिनाभर डोळे फोडून प्रत्येक गाडीला जवळचा रस्ता काढून दिला होता. सगळे निमूट त्या रस्त्यानं जात होते... एक चार नंबरची गाडी सोडून. ती रोज तीन किलोमीटर जास्त!

टायरची हवा बघणाऱ्या माणसाला तिनं विचारलं, "चार नंबरचा ड्रायव्हर कुठे भेटेल? चांगलं फैलावर घ्यायचंय त्याला."

"घ्या की," हात पुसत तो उठला. "मीच तो."

डोळ्यांत चक्क हसू! डिझेल उधळणाऱ्या माणसाला इतके छान डोळे कशाला हवेत, याचाही तिला राग आला.

"हसता काय? परवाच अहवाल दिलाय मी. सोमवारपासून गाडी काढून घेतील तुमची. गोदामात गठ्ठे उचला मग."

हसू मावळलं. "अहवाल देण्याआधी मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? किलोमीटर दिसतात की."

"किलोमीटर दिसतात, मॅडम. डिझेल मोजलंत?"

नव्हतं मोजलं... तिचे कान तापले.

मग ठरलं. सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरायची, संध्याकाळी पुन्हा भरून किती डिझेल लागलं ते मोजायचं. एक दिवस तिचा रस्ता, एक दिवस त्याचा, आणि दोन्ही दिवस ती शेजारी बसणार.

पहिल्या दिवशी बाजारच्या चौकात गाडी अडकली. सिग्नल तीनदा हिरवा झाला आणि गाडी चार हात पुढे सरकली. पुढच्या चढावर तर गठ्ठ्यांनी भरलेली गाडी पहिल्या गियरमध्ये कण्हत होती. ती सिग्नलवर चिडली, मध्येच गाडी वळवणाऱ्यावर चिडली, चढावरही चिडली.

"आणि तुम्ही गप्प का?"

"बरं वाटतंय," तो म्हणाला. "दुसरा रस्ता सापडेपर्यंत चार वर्षं या चौकावर मी एकटाच चिडत होतो."

तिला हसू आलं. ते तिनं खिडकीबाहेर बघून लपवलं.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठचा सपाट रस्ता. लांबून अडथळा दिसला की तो आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, गाडी आपली अलगद जायची. रेल्वेच्या फाटकाशी त्यानं इंजिन बंद केलं... एकदम शांत झालं. पाण्यावरून वारा आला. स्टिअरिंगवर सैल ठेवलेल्या त्याच्या हातांकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

"काय बघताय?"

"काही नाही... गाडी कशी चालवता ते."

"बंद आहे गाडी."

संध्याकाळी हिशोब लागला. तिच्या रस्त्यानं पावणेतीन लिटर, त्याच्या रस्त्यानं सव्वादोन. ती तशीच तरातरा साहेबांच्या खोलीत अहवाल मागे घ्यायला गेली.

"आता राहू द्या हो," साहेब म्हणाले. "अहवाल वर गेलाय. ड्रायव्हर काय, दुसरा मिळेल."

"मी न मोजता लिहिला, तुम्ही न वाचता पाठवलात, आणि गठ्ठे त्यानं उचलायचे?" तिनं हिशोबाचा कागद टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे. तसं लेखी देते. पण तुम्ही फोन केल्याशिवाय इथून हलणार नाही."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं फोन उचलला.

बाहेर तो गाडीला टेकून उभा होता.

"गाडी तुमचीच राहिली," ती म्हणाली. "आणि चुकले मी. आधी विचारायला हवं होतं."

"हवं होतंच. झोप उडाली होती माझी. पण साहेबांशी कुणी असं भांडलं नव्हतं माझ्यासाठी... आतापर्यंत."

"उपकार नाहीत ते! मला तुम्ही आवडलात. आणि हे मलाच आधी सांगावं लागतंय, याचा भयंकर राग येतोय मला."

त्याच्या डोळ्यांत पुन्हा हसू आलं. मग हळूच म्हणाला, "मी सांगणार होतो... चार दिवसांनी."

"चार दिवस कशाला?"

"तुमचा राग उतरला की."

"तो काही उतरायचा नाही," ती म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरला.