छत चिकटेपर्यंत

शिवप्रिया धाराशिवच्या एका गॅरेजात शिरली, तेव्हा वेल्डर शंभुलिंगनं चष्मा कपाळावर चढवत सांगितलं, "मॅडम, गाडी उद्या मिळंल."

"गाडी न्यायला नाही, तुम्हाला शिकवायला आलेय."

तो हसला... आणि तिचं डोकं तिथंच तापलं.

ती मूळची परंड्याची, नोकरी पुण्यात, ॲडेसिव्ह बनवणाऱ्या कंपनीत. नव्या इलेक्ट्रिक गाडीचं छत ॲल्युमिनियमचं, खांब पोलादी. दोन्ही एकमेकांना वेल्ड होत नाहीत, ॲडेसिव्हनंच जोडावे लागतात. तेच शिकवायला कंपनीनं तिला आठवडाभर पाठवलं होतं.

"गोंदावर छत? गाडी हाय का लिफाफा?"

"गोंद नाही हो, ॲडेसिव्ह!" दिवसातून दहादा ती सांगायची.

चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर काय, कालच्या जोडालगत खांबावर आधाराची लोखंडी पट्टी, तिला वेल्डिंगचे दोन टाके! आचेनं ॲडेसिव्ह जळून काळं पडलेलं.

"कुणी केलं हे?"

"म्या. जरा मजबुतीला..."

"जळलं की वो सगळं!" रागात तिची पुण्याची भाषा गळून पडली. "काढा छत! घासा, पुसा. आन् पुसल्यावर बोट लावायचं न्हाय!"

त्यानं दिवसभर मुकाट्यानं घासलं. संध्याकाळी छत पुन्हा बसवलं, तर शेवटचा क्लॅम्प झिजलेला. गॅरेजचे मालक वैजनाथ दुसरा आणायला शेजारी धावले. तोवर दोघांनी कोपरा दाबून धरला. हातमोज्याला हातमोजा टेकला...

"मॅडम—"

"हलू नका!"

"हलत न्हाय, बोलतोय. जोड सुटला असता तर बोल तुम्हाला लागला असता. मनून टाके मारले. चुकलंच."

इतका जपून ठेवलेला राग नेमका आत्ताच विरघळायला लागला. तिला त्याचीही चीड आली.

"आन्... तुमी शनवारी जानार. ते आवडत न्हाय मला."

"हे आत्ता सांगताय? हात अडकलेत माझे!"

"मनूनच. न्हायतर निघून गेला असता."

ती छताकडेच बघत राहिली. "शनिवारी परंड्याला जातेय. रविवारी घरीच आहे. आईबाबाही आहेत."

शंभुलिंग विचारात पडला. "मग... मी काय करू?"

"कपाळ माझं! या की वो घरी, आन् काय!"

रविवारी दहाच्या एसटीनं तो परंड्याला उतरला. ती स्टँडवरच उभी होती.

"लवकर आलो का?"

"लवकर? आठपासून उभी आहे मी इथं!"