कोळीवाड्याचा सोमवार

कीर्तीच्या हातात कॅल्क्युलेटर होता आणि पुढ्यात कॉम्प्युटर. कुणाच्या वाट्याला किती घरं आली याची बेरीज ती कॅल्क्युलेटरवर करायची आणि आलेला आकडा एक्सेलमध्ये टाइप करायची. परळच्या त्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दोन वर्षांत कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या, लॅबचेच कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ध्रुवला मात्र हसू आवरेना.

"हसायला काय झालं?" तिने मान वर न करता विचारलं.

"काही नाही... घरात नळ असून विहिरीवर पाणी भरतेस, म्हणून."

राग तर आलाच. पण हसताना त्याचे डोळे बारीक होतात, हेही तिने पाहून घेतलं. खोटं कशाला बोला!

कीर्तीचं काम म्हणजे घरोघरी रक्त घ्यायला जाणाऱ्या माणसांची यादी लावणं. करी रोडला कोण, माहीमला कोण, वरळी कोळीवाड्यात कोण. रोजचे तीन तास त्यात जायचे. नोकरी कंत्राटी होती, आणि मार्च अखेरीस ती कायम होणार की घरी बसणार, हे ठरायचं होतं. काहीतरी नवीन करून दाखव, असं लॅबचे मॅनेजर हितेंद्र सर म्हणाले होते. मॅक्रो नावाचं काहीतरी असतं, बटण दाबलं की यादी आपोआप लागते, एवढं तिच्या कानावर आलं होतं. मला तेच शिकव, म्हणून तिने ध्रुवचा पिच्छा पुरवला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," तो म्हणाला. "आधी बेरीज शीक. मॅक्रोचं मग बघू."

जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. तिच्या डब्यात कोलंबी, त्याच्या डब्यात काळ्या वाटाण्याचं सांबारं. करी रोडच्या ज्या चाळीत तो वाढला तिचा आता टॉवर झाला होता, आणि एकोणिसाव्या मजल्यावर शेजाऱ्याचं नावही ठाऊक नसतं म्हणून तो हळहळायचा. बेरीज झाली, सॉर्ट झालं, फिल्टर झालं. मग एक दिवस डॉलरची खूण आली. फॉर्म्युला खाली ओढला की त्यातला सेल सरकतो. ज्याला हलू द्यायचं नाही त्याला डॉलर लावायचा.

"म्हणजे फॉर्म्युला कुठेही नेला तरी तो तिथेच बघणार?"

"तिथेच."

"माणसांना लावता येतो का हा?"

ध्रुव माउसशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला लागलाय की... तुझ्या लक्षात नाही आलं?"

त्या दुपारी माहीमच्या एकाच घरी दोन माणसं गेली. दोष कुणाचा म्हणायचा!

मग तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. रामूकाकांचा गुडघा दुखतो, त्यांना जिन्याची घरं द्यायची नाहीत. साखर तपासायची असेल तर सकाळी सातला माणूस पाहिजे. कुणीतरी आपलं काम इतकं कान देऊन ऐकतंय, याचंच तिला केवढं अप्रूप. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली, कारण ती सांगण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नाही. कोळीवाड्यातली नावं ती फक्त सोमवारी आणि गुरुवारी लावायची. इतर दिवशी तिथल्या बायका पहाटेच धक्क्यावर मासळी घ्यायला जातात. सोमवार-गुरुवारी मासळी खाणारे कमी, म्हणून घरी सापडतात. कीर्ती कोळीवाड्यातलीच, तिची आई शांती, मासळीबाजारात बसणारी. हे काय कुणाला शिकवायचं असतं?

मार्चच्या मध्यावर कीर्तीने पहिला मॅक्रो केला. चालला! सोमवारी सरांना दाखवते, म्हणाली. ध्रुव म्हणाला, थोडं थांब, पाया पक्का होऊ दे. तिने ऐकलं.

आणि शुक्रवारी ध्रुवने स्वतःचा मॅक्रो सरांना दाखवला. तीन तासांची यादी अकरा सेकंदांत लागली. सर हसून म्हणाले, मग ही मुलगी कशाला हवी? रिसेप्शनवरच्या अनुजाने हे आपल्या कानांनी ऐकलं. ध्रुव तिथेच उभा होता, मूग गिळून.

कीर्तीचं कंत्राट संपलं आणि तो टीम लीडर झाला. तुला सरप्राइज द्यायचं होतं गं, म्हणाला, बटणाला तुझंच नाव दिलंय. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर हिनेच कौतुक करायचं!

तीन आठवड्यांनी तो कोळीवाड्यात आला. आईबरोबर सुकट निवडत बसलेल्या कीर्तीने त्याला गल्लीत वळताना पाहिलं आणि तिचा जीव नुसता वरखाली झाला. आला... शेवटी आला.

"कोळीवाड्याची यादी तू कुठल्या कॉलमवरून लावायचीस?" त्याने विचारलं.

तीन आठवडे दारांना कुलुपं सापडत होती. पलीकडच्या राधाबाईंची साखर तीनदा तपासायची राहिली होती. सर कावले होते. ते कुठल्याच कॉलममध्ये नव्हतं, कीर्ती म्हणाली. मग तिने सोमवार सांगितला, गुरुवार सांगितला, धक्काही सांगितला. राधाबाईंचं वय झालंय तरी धक्का सुटत नाही, त्यांनी काय पाप केलंय? त्याने सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. जायला वळला आणि थांबला.

"कीर्ती, मला... मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

हे ऐकायला तिने महिनोन्‌महिने जीव टाकला होता.

"सर म्हणाले ही मुलगी कशाला हवी, तेव्हा तू काय बोललास?"

त्याने मोबाइल खिशात घातला.

"सांग ना."

"काहीच नाही बोललो."

"मग आजही तेच बोल."

तो गेला. कोण होता, आईने विचारलं. लॅबमधला, एवढंच सांगून कीर्ती मोरीत गेली आणि नळ सोडून पोटभर रडली.

पुढच्या सोमवारी सकाळी सातला रामूकाका पेटी घेऊन गल्लीत आले. राधाबाई घरीच होत्या, दार उघडं होतं. कीर्ती उंबऱ्यातून बघत होती. यादी अगदी बरोबर लागली होती.