डाव्या बाजूची सीट

सावद्याच्या अलीकडे काळीपिवळी जीप बंद पडली आणि पूनम रस्त्यावर उतरून उभी राहिली. मावशीनं बजावलं होतं, "पाहुणे तुला बघायला यायच्या आत ये. तू आधीच पाटावर बसलेली पाहिजेस."

पूनमचा डावा पाय जन्मापासून आखूड. मुलगी पाटावरून उठायच्या आत सुपारी फोडून टाकायची, असा घरच्यांचा बेत. फसवणुकीला आपल्याकडे 'जमवून आणणं' म्हणतात.

तेवढ्यात रस्त्यानं तीन चाकांचं काहीतरी खडखडत आलं. शेजारीशेजारी दोन सीटा, मागं वाळल्या पाल्यात निजवलेले केळीचे घड.

"हाई काय शे?" तिच्या तोंडून निघालंच.

"सायकल. मीच केली." चालवणारा हसला. "मी हितेंद्र. तुम्ही धुळ्याकडच्या दिसता. बसा, सावद्यालाच चाललोय."

"सायकलवर कुणी शेजारी बसतं का?"

"मागं बसलं की सारा रस्ता माणसाची पाठ बघायची. मला नाही पटलं."

डाव्या पायडलवर लाकडाचा जाड ठोकळा होता. तो आईसाठी बसवला होता, त्यानं सांगितलं. तिचाही पाय आखूड. "पण लोक हसतील म्हणून एकदाही बसली नाही."

पूनम डाव्या सीटवर बसली, ठोकळ्यावर पाय ठेवला. बरोब्बर बसला... आयुष्यात पहिल्यांदा पायडल तिच्या पायाखाली फिरून परत आलं. दोन्हीकडे केळीची पानं फडफडत होती. तिनं जोर लावला.

"हळू. केळ्यांना डाग पडतील."

"आणि मला?"

"तुम्हाला कुठाय डाग?" तो रस्त्याकडे बघतच म्हणाला. कान मात्र लाल.

मग तिनं सगळं सांगून टाकलं – मावशी, पाट, सुपारी.

"मग पाय उचला. पोचू वेळेत," तो म्हणाला. आवाज जरा पडलेलाच.

तिनं पायडल मारणं थांबवलं. "नको. पाहुण्यांना आधी येऊ द्या."

पोचले तेव्हा पाहुणे ओट्यावर चहा पीत होते. सगळ्यांदेखत ती उतरली, लंगडत समोर गेली. "मी पूनम. डावा पाय आखूड आहे. बाकी काय विचारायचं ते विचारा."

कपात चहा तसाच ठेवून मंडळी उठली. मावशीनं कपाळ बडवलं. पूनमला मात्र इतकं हलकं वाटत होतं, की बंद पडलेल्या काळीपिवळीच्याही पाया पडावं.

फाटकाशी हितेंद्र चेनशी खटपट करत बसला होता.

"चेन पडली?"

"नाही... पाय निघत नव्हता."

"तुमचे उपकार कसे—"

"उपकार नको. एकदा घरी या. आईला चालवून दाखवा. तुम्हाला बघून ती बसेल." तो अडखळला. "मग... तुमच्यासाठी दुसरी करावी लागेल मला."

पूनमनं डाव्या सीटवरची धूळ पदरानं पुसली.

"दुसरी कशाला? हिलाच तिसरी सीट लावा," ती म्हणाली. "मधे आईंना बसवू."