पोटरीवरचा हात

ताई आम्हाला सोडायला दारापर्यंत आली तेव्हा नुकतेच दहा वाजले होते. रविवार होता, लख्ख ऊन होतं. पाण्याखाली श्वास घ्यायला लागणारे हवेचे सिलिंडर भरून घ्यायचे, धरणावर जायचं, बुडालेलं जुनं पंप हाऊस बघायचं आणि जेवायला घरी परत, इतका साधा बेत. दाजी गाडीत बसले तशी ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "यांना एकटं सोडू नकोस हं. उत्साह दांडगा आहे, दम नाही."

दाजी म्हणजे ताईचे यजमान. चष्म्याचं दुकान, पन्नाशी उलटलेली. पाण्याखाली उतरायचं वेड त्यांना माझ्यामुळेच लागलं होतं. त्यांचं काही बरंवाईट झालं असतं, तर ताईला तोंड दाखवायची सोय उरली नसती.

धरणाची भिंत उंच केली तेव्हा ते पंप हाऊस पाण्यात गेलं. आम्ही होडी बरोबर त्याच्यावर नांगरली. खालच्या दाराच्या कडीला दोरी बांधायची आणि ती उलगडत आत जायचं. गाळ उठून दिसेनासं झालं, तर तीच दोरी धरून बाहेर यायचं. मागच्याने पुढच्याची पोटरी धरायची. एकदा दाबलं की 'चल', दोनदा दाबलं की 'थांब'.

"बुडत्याला काडीचा आधार म्हणतात," दाजी हातमोजे चढवत म्हणाले, "आपल्याकडे तर अख्खी दोरी आहे."

आत मी पुढे, दाजी मागे. यंत्रांची मोठी खोली ओलांडली, मग एक अरुंद बोळ, आणि त्याच्या टोकाला कामगारांची खोली. टॉर्चच्या उजेडात भिंतीतल्या खुंट्या दिसल्या, एका ओळीत तीन बेसिन, एक लांब बाक. सगळ्यावर बोटभर गाळ साचलेला. फक्त बाकावर मधोमध एक जागा स्वच्छ होती, कोणी आत्ताच बसून उठलं असावं तशी.

ती दाजींना दाखवायला मी वळलो आणि माझ्याच पायातला फिन, पोहायचा रबरी पंजा, जमिनीला घासला. भसकन गाळ उठला. टॉर्च डोळ्यांपुढे धरला तरी दिसेना. तोंडात रबराची चव, कानात माझ्याच श्वासाची घरघर.

दोरी चाचपडत मी परत फिरलो. येताना दाजी मागे होते, म्हणजे परतताना ते पुढे असायला हवेत. मी हात लांबवून त्यांची पोटरी शोधली. हाताला नुसतं पाणी लागलं. तेवढ्यात माझ्याच पोटरीवर एक हात पडला. एकदा दाबलं. हुश्श! म्हटलं, गोंधळात पुढचं मागे झालं, पण सापडले एकदाचे.

बोळात शिरलो. हाताने दोनदा दाबलं. थांबलो. पुन्हा निघालो, पुन्हा दोनदा. कुठे अडकले की काय, म्हणून मी हात मागे नेला. माझा हात त्या हातावर पडला. त्यावर मोजा नव्हता. उघडी बोटं, लांब आणि मऊ. मोजा निघाला असेल, मी स्वतःची समजूत घातली. हवेचा काटा मास्कला भिडवून पाहिला. तो तांबड्या खुणेला टेकला होता, म्हणजे हवा संपत आली होती. मी त्या हातावर एकदा दाबलं. चला ना, दाजी... त्याने दोनदा दाबलं. आणि मग तो मला मागे ओढायला लागला.

पुढे मी जे केलं ते ताईला आजवर सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो. मी लाथ मारली. ते दाजी आहेत हे धरूनच मारली. पकड सुटेपर्यंत मारत राहिलो आणि जीव मुठीत घेऊन दोरीवरून सुटलो. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा मी रडत होतो. ताईला काय सांगू, एवढंच डोक्यात. मास्क ओढून काढला आणि बघतो तर दाजी होडीत! माझ्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसून, पलीकडच्या काठावरून वाकलेले. माझ्या जिवात जीव आला आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कसाबसा होडीत चढलो. होडी डुचमळली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यांचा हात दंडापर्यंत पाण्यात होता. ते खाली बघून बोलत होते.

"झालं रे बाबा, आलास बाहेर. घाबरू नकोस. सबंध बोळभर हात धरून आणलंय तुला, आता काय सोडतोय? ये, वर ये."

"दाजी," मी म्हणालो, "मी इथे आहे... तुमच्या मागे."

त्यांनी सावकाश मान वळवली. माझ्याकडे बघतच राहिले. तोंडावरचा रंग उतरला. हात मात्र पाण्यातच.

"सोडा तो, दाजी... सोडा."

"कसा सोडू रे?" ते कुजबुजले. "थरथरतोय तो."

आणि होडी हळूहळू त्यांच्या बाजूला कलू लागली.